बटण नेमके कोण काढते?

‘विद्यार्थी’ हा शब्द वाचणाऱ्याला तीन अक्षरांचा दिसतो. संगणकाच्या लेखी तो दहा खुणांचा आहे. व, पहिली वेलांटी, द, त्याचा पाय मोडणारी खूण, य, काना, र, पुन्हा पाय मोडणारी खूण, थ आणि दुसरी वेलांटी, अशा क्रमाने युनिकोडमध्ये तो साठवला जातो. म्हणजे जसा उच्चारतो तसा. लिहिताना मात्र आपण वेगळे लिहितो. पहिली वेलांटी व च्या आधी येते, द आणि य एकमेकांत मिसळतात, र हा थ च्या डोक्यावर रफार होऊन बसतो. साठवलेल्या क्रमातून हे लिखित रूप कुणीतरी घडवावे लागते. आता पायथॉनमध्ये चार-पाच ओळींचा एक प्रोग्राम लिहा, पायथॉनसोबतच येणाऱ्या टीकिंटरने एक विंडो उघडा आणि तीत हा शब्द दाखवा. विंडोजवर तो नीट दिसतो. तोच प्रोग्राम काहीही न बदलता लिनक्सवर, टीकिंटरच्या मुळाशी असलेल्या ‘टी-के’च्या ८.६ या वर्षानुवर्षे वापरात राहिलेल्या आवृत्तीवर चालवला, की वेलांटी व च्या नंतर येते, द चा पाय मोडलेला तसाच उघडा राहतो आणि रफार कुठेच नसतो. भाषा तीच, प्रोग्राम तोच, शब्द तोच. बदलले ते एवढेच, की अक्षरे जुळवून पडद्यावर काढण्याचे काम विंडोजवर ऑपरेटिंग सिस्टीमने केले आणि लिनक्सवर ते कुणीच केले नाही.

विंडो, बटणे आणि मेनू असलेला प्रोग्राम जावात करावा की पायथॉनमध्ये, हा वाद अभियांत्रिकीच्या वर्गात, क्लासेसमध्ये आणि छोट्या सॉफ्टवेअर कंपन्यांत सतत चालतो. पायथॉनवाले म्हणतात, आमच्याकडे चार ओळींत काम होते. जावावाले म्हणतात, आमचा प्रोग्राम सगळीकडे सारखा चालतो. दोघांचेही खरे आहे, आणि तरी हा वाद चुकीच्या जागी रंगतो. पडद्यावर काय दिसेल, दृष्टिहीन माणसाला काय ऐकू येईल आणि दहा वर्षांनी तो प्रोग्राम चालू राहील की नाही, हे ठरवण्यात भाषेचा वाटा लहान असतो. ते ठरते टूलकिटवरून, म्हणजे बटणे, खिडक्या आणि मजकुराचे चौकोन तयार पुरवणाऱ्या संचावरून. त्या संचाला दोनच प्रश्न आधी विचारावेत असे माझे म्हणणे आहे. तू बटण स्वतः काढतोस की ऑपरेटिंग सिस्टीमकडून काढून घेतोस? आणि तुला सांभाळते कोण?

पहिल्या प्रश्नाचे महत्त्व जावाच्या इतिहासात सर्वांत स्वच्छ दिसते, कारण जावाने त्याचे एक उत्तर देऊन पाहिले आणि तीन वर्षांत ते बदलले. सन मायक्रोसिस्टिम्सने १९९५ मध्ये जावा जाहीर केली आणि १९९६ च्या जानेवारीत तिची पहिली आवृत्ती आली. तिच्यात एडब्ल्यूटी नावाचा संच होता. एडब्ल्यूटीचे बटण म्हणजे विंडोजवर विंडोजचे खरे बटण, मॅकवर मॅकचे, युनिक्सवर तिथले. कल्पना सरळ होती: प्रत्येक यंत्रावर त्याचे स्वतःचे बटण वापरा, म्हणजे प्रोग्राम परका वाटणार नाही. पण प्रत्येक यंत्राचे बटण थोडे वेगळे वागते. एकाकडे असलेली सोय दुसऱ्याकडे नसते. सगळीकडे चालायचे तर जे सगळ्यांकडे आहे तेवढेच देता येते, आणि ते फार थोडे निघाले. तक्ता नाही, झाडासारखी उलगडणारी यादी नाही, बटणावर चित्र नाही. एकदा लिहा आणि कुठेही चालवा, ही जावाची घोषणा होती. एडब्ल्यूटीमध्ये लिहिलेला फॉर्म चालायचा सगळीकडे, पण एका यंत्रावर व्यवस्थित बसलेली मांडणी दुसऱ्यावर विस्कटायची.

दरम्यान नेटस्केप कंपनीने जावासाठी स्वतःचा एक संच केला होता, आणि त्यात ऑपरेटिंग सिस्टीमचे बटण वापरायचेच नाही असे ठरवले होते. सन आणि नेटस्केप १९९७ मध्ये एकत्र आले, आणि १९९८ च्या डिसेंबरमध्ये जावाच्या १.२ आवृत्तीबरोबर स्विंग हा संच आला. स्विंग ऑपरेटिंग सिस्टीमकडून फक्त एक कोरी विंडो मागतो. तिच्या आतले बटण, त्याची कड, दाबल्यावरची सावली, आतला मजकूर हे सगळे तो स्वतः रेघारेघांनी काढतो. याची किंमत होती. सुरुवातीची कित्येक वर्षे स्विंगचे प्रोग्राम जड वाटत, आणि दिसायला कुठल्याच यंत्रावर घरचे वाटत नसत. म्हणूनच आयबीएमच्या लोकांनी एक्लिप्स या प्रोग्रामिंगच्या साधनासाठी एसडब्ल्यूटी नावाचा वेगळा संच केला आणि ते पुन्हा यंत्राच्या स्वतःच्या बटणांकडे वळले. एकाच भाषेत, पाच-सहा वर्षांच्या आत, एकाच प्रश्नाची तीन उत्तरे दिली गेली. तरीही ‘जावाचे जीयूआय, म्हणजे पडद्यावरचे दर्शनी रूप, कसे आहे?’ असे विचारले जाते, जणू त्याला एकच उत्तर आहे.

पायथॉनची गोष्ट दुसऱ्या टोकाची आहे. तिने विंडोचा स्वतःचा संच केलाच नाही. टी-के हा संच पायथॉनसाठी जन्मलेला नाही. जॉन औस्टरहाउट यांनी बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात १९८८ मध्ये टिकल नावाची एक छोटी भाषा केली आणि तिच्यासाठी पुढच्या दोन-तीन वर्षांत टी-के. पायथॉनने नव्वदच्या दशकाच्या मध्यावर तो आपल्या दारात आणला आणि दोघांमध्ये टीकिंटर नावाचा एक पूल बांधला. आजही तुम्ही पायथॉनमध्ये ‘मला एक बटण दे’ असे लिहिता, तेव्हा पडद्यामागे टिकलचा एक अख्खा दुभाषा सुरू होतो, पायथॉनची आज्ञा टिकलमध्ये उतरवली जाते आणि ती सी भाषेत लिहिलेल्या टी-केपर्यंत पोचते. औस्टरहाउट १९९४ मध्ये सनमध्ये गेले आणि काही वर्षे टिकलचे काम तिथेच चालले. म्हणजे जावा जगासमोर आली तेव्हा तिचा एडब्ल्यूटी आणि पायथॉनने घेतलेला टी-के एकाच कंपनीच्या छपराखाली होते. आज ज्यांना आपण दोन भाषांची दोन तोंडे समजतो, त्यांची ही मुळे पाहिली की भाषा आणि टूलकिट यांचे नाते किती प्रासंगिक असते ते कळते.

टी-केने पहिल्या प्रश्नाला अर्धेमुर्धे उत्तर दिले. लिनक्सवर तो बटणे स्वतः काढतो. विंडोज आणि मॅकवर १९९७ च्या ८.० आवृत्तीपासून तो यंत्राच्या रूपाजवळ गेला, आणि २००७ च्या ८.५ मध्ये रूप बदलता येणारी नवी बटणे आली. ही लवचीकता कौतुकाची आहे. टीकिंटरमध्ये विंडो उघडणे इतके सोपे आहे, की दहावीचा विद्यार्थी एका दुपारी बेरीज-वजाबाकीचा कॅल्क्युलेटर करू शकतो. स्विंगमध्ये तेवढ्यासाठी वर्ग, फ्रेम, पॅनेल, मांडणीचा व्यवस्थापक आणि बटण दाबल्यावर ऐकणारा श्रोता हे सगळे आधी उभे करावे लागते. शिकण्यासाठी टीकिंटर उत्तम आहे, यात मला शंका नाही. पायथॉनचा स्वतःचा ‘आयडल’ संपादकही त्यातच लिहिलेला आहे. अडचण सुरू होते ती शिकण्यासाठी केलेला प्रोग्राम लोकांच्या रोजच्या कामाला लावला जातो तेव्हा, आणि ते लोक मराठी असतात तेव्हा.

इंग्रजी अक्षर काढणे म्हणजे एका खुणेला एक चित्र ठेवत पुढे जाणे. देवनागरीत ते चालत नाही. खुणांचा गट करायचा, त्यातली अक्षरे मागेपुढे करायची, जोडाक्षराचे चित्र फाँटमधून शोधायचे आणि मग ठेवायचे. या कामासाठी आज जगभर वापरले जाणारे खुले इंजिन म्हणजे हार्फबझ. हे नाव फारसीतून घेतलेले आहे. ‘हर्फ’ म्हणजे अक्षर आणि ‘बाज’ म्हणजे उघडे. ओपनटाइप फाँट वाचणारे इंजिन म्हणून ते नाव. ‘त्याने एक हरफ काढला नाही’ असे म्हणताना मराठी माणूस उच्चारतो तो हरफ याच घराण्यातला. जावाने देवनागरीची जुळवणी २००२ च्या १.४ आवृत्तीत आणली आणि २०१७ च्या नवव्या आवृत्तीत आपले जुने इंजिन काढून हार्फबझ बसवले. मजकूर स्विंग स्वतः काढत असल्यामुळे, संगणकात चांगला देवनागरी फाँट असला की ‘विद्यार्थी’ विंडोजवर जसा दिसतो तसाच लिनक्सवर. टी-केने लिनक्सवर काढण्याचे काम स्वतःकडे घेतले, पण जुळवणीचे इंजिन मात्र ८.६ पर्यंत घेतले नाही. स्वतः काढायचे म्हटले, की त्या कामाची सगळी जबाबदारी अंगावर येते, मोडलेल्या पायांसकट. इथे जावा चांगली आणि पायथॉन वाईट असा निष्कर्ष काढणे म्हणजे पुन्हा त्याच चुकीत पडणे आहे. चूक पायथॉनमध्ये नाही. ती एका संचाच्या एका विशिष्ट निर्णयात आहे, आणि पायथॉनमध्ये दुसरे संच आहेत.

या निर्णयांची किंमत महाराष्ट्राने एकदा मोजलेली आहे, आणि अजून पुरती फिटलेली नाही. ऑपरेटिंग सिस्टीम आणि तिच्यावरचे संच देवनागरी जुळवू शकत नव्हते, त्या काळात आपल्याकडे एक आडमार्ग रूढ झाला. इंग्रजी अक्षरांच्या जागी काना, मात्रा, अर्धी अक्षरे आणि जोडाक्षरे यांची चित्रे बसवलेले फाँट आले. संगणकाला वाटायचे की आपण इंग्रजी अक्षरे दाखवतो आहोत, आणि पडद्यावर मराठी उमटायचे. छपाईसाठी ते उत्तम होते, आणि ती त्या काळाची खरी गरज होती. पण फाँट काढून घेतला की मागे इंग्रजी अक्षरांचा अर्थहीन ढीग उरतो. वर्तमानपत्रे, प्रकाशने आणि कचेऱ्या यांच्याकडचा वर्षानुवर्षांचा मजकूर त्यामुळे शोधता येत नाही, क्रमाने लावता येत नाही, एका फाँटमधून दुसऱ्यात नेताना बिघडतो. विंडोज २००० मध्ये देवनागरीची खरी जुळवणी आली आणि तिच्यासोबत र. कृ. जोशी यांनी रेखाटलेला मंगल हा फाँट आला. जोशी कवी आणि सुलेखनकार. आपल्या लिपीचे वळण जाणणाऱ्या माणसाच्या हातून ते अक्षर संगणकात गेले, ही मराठी वाचकाने लक्षात ठेवावी अशी गोष्ट आहे. पण फाँट कितीही सुंदर असला, तरी त्यातली जोडाक्षरे बाहेर काढणारा संच नसेल, तर ती फाइलमध्येच पडून राहतात.

दिसण्याइतकाच ऐकण्याचा प्रश्न आहे, आणि त्याची चर्चा फारच कमी होते. दृष्टिहीन माणूस संगणक वापरतो तो स्क्रीन रीडरच्या आधाराने. एनव्हीडीए हा २००६ मध्ये ऑस्ट्रेलियात सुरू झालेला स्क्रीन रीडर मोफत आहे. स्क्रीन रीडर पडद्यावरचे चित्र पाहत नाही. तो विचारतो, ‘इथे काय आहे?’ आणि प्रोग्रामकडून उत्तर यावे लागते, ‘हे बटण आहे, यावर जतन करा असे लिहिले आहे, ते सध्या बंद आहे.’ यंत्राचे स्वतःचे बटण वापरले, तर हे उत्तर ऑपरेटिंग सिस्टीमच देते. बटण स्वतः काढले, तर ऑपरेटिंग सिस्टीमला ते बटण आहे हे ठाऊकच नसते. तिच्या दृष्टीने तो नुसता रंगीत चौकोन असतो. म्हणून स्वतः काढणाऱ्या प्रत्येक संचाला ही उत्तरे देण्याची वेगळी व्यवस्था करावी लागते. स्विंगमध्ये ती पहिल्यापासून आहे, मात्र विंडोजवर तिला स्क्रीन रीडरशी जोडणारा दुवा मुळात बंद ठेवलेला असतो आणि तो मुद्दाम चालू करावा लागतो. एका आज्ञेचे काम आहे, पण ते कुणी सांगितलेच नाही, तर अख्खा प्रोग्राम दृष्टिहीन कर्मचाऱ्यासाठी मुका. टी-केमध्ये, ८.६ पर्यंत, अशी स्वतःची व्यवस्थाच नव्हती. दिव्यांग व्यक्तींचे हक्क सांगणारा २०१६ चा कायदा माहिती-तंत्रज्ञान सर्वांना वापरता यावे असे सांगतो. तो पाळायचा की मोडायचा, हे अनेकदा टूलकिट निवडण्याच्या क्षणी ठरून जाते, आणि निवडणाऱ्याच्या ते गावीही नसते.

भाषा दुय्यम आहे, या म्हणण्याचा सर्वांत भक्कम पुरावा क्यूट या संचात आहे. होवार्ड नोर्ड आणि आयरिक शाम्बे-एंग या दोन नॉर्वेजियन प्रोग्रामरांनी तो सी प्लस प्लस भाषेसाठी केला आणि १९९५ मध्ये लोकांसमोर ठेवला. क्यूटही बटण स्वतःच काढतो, पण त्या त्या यंत्राच्या रंगरूपाची नक्कल बारकाईने करतो. मजकूर हार्फबझकडून जुळवून घेतो आणि स्क्रीन रीडरला उत्तरे देण्याची व्यवस्थाही ठेवतो. १९९८ मध्ये पायक्यूटने तो पायथॉनमध्ये आणला. २००९ मध्ये नोकियाच्या पुढाकाराने पायसाइड हा दुसरा पूल आला, ज्याचा परवाना खासगी प्रोग्रामांनाही सोयीचा आहे. आणि जावा? जावातही क्यूट आला होता. क्यूट बनवणाऱ्या कंपनीनेच २००७ मध्ये ‘क्यूट जांबी’ या नावाने जावासाठी त्याचा पूल बांधला. पुढे नोकियाने ती कंपनी घेतली आणि २००९ मध्ये जांबीवरचे काम थांबवले. पुढचे काम स्वयंसेवकांवर आले. म्हणजे एक काळ असा होता, की तीच बटणे, तीच अक्षरजुळवणी, तोच स्क्रीन रीडरचा आधार जावातूनही मिळत होता आणि पायथॉनमधूनही. त्या दोन प्रोग्रामांच्या पडद्यांकडे पाहून कोणता कुठल्या भाषेत लिहिला आहे हे सांगणे अवघड झाले असते. पुस्तके सांभाळणारे कॅलिबर आणि पाठांतरासाठी वापरले जाणारे अँकी हे दोन्ही प्रोग्राम पायथॉन आणि क्यूट यांच्या जोडीवर उभे आहेत. ‘पायथॉनचे जीयूआय हौशी असते’ असे म्हणणाऱ्याने त्यांच्याकडे पाहावे.

जांबीची गोष्ट दुसऱ्या प्रश्नाकडे नेते: सांभाळते कोण? या बाबतीत जावाची वाटचाल सावध करणारी आहे. स्विंग जुना झाला म्हणून २००७ मध्ये जावाएफएक्स जाहीर झाला. आधी त्याची स्वतंत्र भाषा होती, २०११ मध्ये ती टाकून तो साधा जावाचा संच झाला, २०१२ पासून जावासोबत मिळू लागला, आणि २०१८ च्या अकराव्या आवृत्तीत जावाच्या मुख्य संचातून बाहेर काढला गेला. आज तो वेगळा प्रकल्प म्हणून जिवंत आहे. पण ज्यांनी ‘हा तर जावासोबतच येतो’ म्हणून त्यावर काम उभारले, त्यांना ऐन वेळी सगळी जुळवाजुळव बदलावी लागली. ज्याला लोक पंधरा वर्षे जुनाट म्हणत आले तो स्विंग मात्र जावासोबत अजूनही येतो. इंटेलिजे आयडिया हे प्रोग्रामरांचे नावाजलेले साधन त्यावर बांधलेले आहे आणि त्याच पायावर अँड्रॉइड स्टुडिओ उभा आहे. म्हणजे अँड्रॉइडचे ॲप लिहिणारा नवा प्रोग्रामर रोज सकाळी जी विंडो उघडतो, तिच्या तळाशी १९९८ चा स्विंग आहे. टी-केही असाच चिवट आहे. त्याची नववी मोठी आवृत्ती २०२४ मध्ये आली. नवेपणा आणि टिकाऊपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि लोकांच्या कामाच्या प्रोग्रामला दुसरी जास्त लागते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: हे सगळे जुने झाले, आता सगळे ब्राउझरमध्ये चालते. बरेचसे चालते, हे खरे. पण ब्राउझर म्हणजे तरी काय? तोही बटणे आणि अक्षरे स्वतः काढणारा एक संचच आहे. क्रोममध्ये अक्षरे जुळवते ते हार्फबझच. इलेक्ट्रॉन या संचावर केलेला प्रोग्राम तर अख्खा ब्राउझर आपल्या पोटात घेऊन येतो. त्यामुळे मराठी नीट दिसते, पण साध्या फॉर्मसाठीही संगणकाची भरपूर मेमरी खर्ची पडते. पश्चिम महाराष्ट्रातल्या एखाद्या गावचे दूध संकलन केंद्र पाहा. वजनकाटा आणि फॅट मोजणारे यंत्र केबलने संगणकाला जोडलेले असते. सकाळ-संध्याकाळ किटल्या घेऊन रांग लागते. प्रत्येकाच्या दुधाचे वजन आणि फॅट थेट पडद्यावर येते आणि नावासकट पावती छापली जाते. संगणक जुना, नेट असेल-नसेल, वीज कधीही जाईल. इथे लागतो तो झटकन उघडणारा, केबलशी सरळ बोलणारा, नेटविना चालणारा विंडोचा प्रोग्राम. अशी ठिकाणे थोडी नाहीत. दुकानांचे काउंटर, प्रयोगशाळा, कारखान्यातली यंत्रे, छापखाने. त्यांच्यासाठी टूलकिटचा प्रश्न आजचाच आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. प्रोग्रामरचा वेळ महाग असतो. पायथॉनमध्ये काम निम्म्या वेळात होत असेल, तर भाषेला दुय्यम कसे म्हणता? हे मला मान्य आहे, आणि म्हणूनच मी भाषा निरर्थक आहे असे म्हणत नाही. ज्या चमूला पायथॉन येते, त्याने पायथॉनमध्येच लिहावे. पण लिहिण्याचा त्रास एकदा होतो आणि वापरण्याचा रोज. कारकुनाला दिवसातून दोनशे वेळा मोडकी अक्षरे वाचावी लागत असतील, तर प्रोग्रामरचे वाचलेले चार दिवस त्याच्या खात्यातून वजा झालेले असतात. शिवाय पायथॉन ठेवून संच बदलता येतो. टीकिंटरऐवजी पायसाइड घेतले, तर शिकायला काही दिवस जास्त लागतील, पण भाषेचे सगळे फायदे हातात राहतात.

तिसरा आक्षेप वेगाचा: पायथॉन हळू आहे, म्हणून तिच्या विंडो अडकतात. हा समज मोडायला हवा. पडद्यावर काढण्याचे जड काम टी-के आणि क्यूट दोन्हींत सी किंवा सी प्लस प्लसमध्ये होते. पायथॉन फक्त हुकूम देते. विंडो अडकते ती वेगळ्या कारणाने. स्विंग असो वा टीकिंटर, पडद्याचे सगळे काम एकाच धाग्यावर (थ्रेडवर) चालते. बटण दाबल्यावर त्या धाग्यालाच दहा हजार नोंदी वाचायला बसवले, तर त्या संपेपर्यंत तो पडदा रंगवू शकत नाही, दुसरे बटण ऐकू शकत नाही, आणि वर ‘प्रतिसाद देत नाही’ अशी पाटी येते. जावात हे काम दुसऱ्या धाग्यावर पाठवावे लागते, पायथॉनमध्येही. दोन्ही भाषांत चूक तीच, उपायही तोच.

उरतो तो शिक्षणाचा भाग, आणि तिथे महाराष्ट्राच्या हातात बरेच काही आहे. तंत्रशिक्षण मंडळाच्या पदविका अभ्यासक्रमात वर्षानुवर्षे ‘ॲडव्हान्स्ड जावा’ हा विषय एडब्ल्यूटीने सुरू होत आला आहे, त्यानंतर स्विंग. विद्यार्थी दोघांमधल्या फरकाचा तक्ता पाठ करतात: एक हेवीवेट, दुसरा लाइटवेट. पण हेवीवेट म्हणजे बटण ऑपरेटिंग सिस्टीमचे, आणि लाइटवेट म्हणजे बटण आपण काढलेले, म्हणून मराठी जुळवण्याची आणि दृष्टिहीनाला उत्तर देण्याची जबाबदारीही आपली, हे त्या तक्त्यातून त्यांच्यापर्यंत क्वचितच पोचते. इतका चांगला धडा अभ्यासक्रमात आयता बसलेला असताना तो दोन शब्दांच्या व्याख्येत संपतो, याचे वाईट वाटते. प्रात्यक्षिकात ‘हॅलो वर्ल्ड’च्या जागी मराठी वाक्य टाकायला सांगितले, आणि तोच प्रोग्राम विंडोजवर आणि लिनक्सवर चालवायला लावला, तरी विद्यार्थ्याला तो फरक जन्मभर विसरता येणार नाही.

सरकारी कचेऱ्या, सहकारी संस्था आणि बँका सॉफ्टवेअर घेताना निविदेत भाषा, सर्व्हर, सुरक्षा यांबद्दल पाने भरतात. राज्याच्या राजभाषेचा कायदा १९६४ चा आहे, तरी पडद्यावरची मराठी कुणी तपासायची हे बहुधा कुठेच लिहिलेले नसते. तपासायला अर्धा तासही लागत नाही. जावा आहे की पायथॉन हे विचारूच नका. कचेरीत ज्या संगणकांवर प्रोग्राम चालणार त्या प्रत्येक प्रकारच्या संगणकावर तो उघडा. नावाच्या चौकोनात ‘विद्यार्थी’ लिहा. ‘कऱ्हाड’ लिहा आणि ऱ्ह चा र आडवा उमटतो का पाहा. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ एकाखाली एक लिहा. डोंगरातल्या दऱ्या आणि कोळ्यांचा दर्या वेगळे दिसले पाहिजेत. मग बाणाच्या बटणाने शब्दाच्या मधे जा, एक अक्षर पुसा आणि बरोबर तेच पुसले गेले का ते बघा. शेवटी पडदा बंद करा, स्क्रीन रीडर लावा आणि नुसत्या कीबोर्डने तीच नोंद जतन करून दाखवायला पुरवठादाराला सांगा.